घोडबंदर रोडच्या नर्सरीतलं आफ्रिकन ऑर्किड : झाड कसं, कागद कसे, किंमत किती

आधी निकाल सांगते, मग कारणं. झाड घ्या, नर्सरी चांगली आहे आणि दिलेल्या पैशांचं चीज होतं. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण का कापला ते पुढे येईलच.

झाडाचं नाव युलोफिया पीटर्सी. आफ्रिकेच्या कोरड्या, काटेरी झुडपांच्या रानात जमिनीवर वाढणारं ऑर्किड. नर्सरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मालकांनीच तशी विनंती केली, कारण रोपं मोजकी आहेत आणि ‘शिल्लक आहे का’ विचारणाऱ्या फोनना उत्तरं देण्यात त्यांचा दिवस जातो. घोडबंदर रोडला कासारवडवली ओलांडून पुढे गेलं की सर्व्हिस रोडलगत नर्सऱ्या लागतात, त्यातलीच एक आतल्या बाजूची. पुढे सगळ्यांकडे असतं तेच : जास्वंद, मोगरा, तुळस, अरेका पाम. मागच्या शेडनेटमध्ये मात्र मालकांची, म्हणजे काकांची, खरी आवड आहे आणि तिथे विचारल्याशिवाय कोणी नेत नाही. विचारा.

मी नेरूळला राहते. ट्रान्सहार्बर लोकलनं ठाण्याला उतरून पुढे टीएमटीच्या बसनं गेले. त्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर किती असतात ते ठाणेकरांना सांगायला नको. न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे जाणारा बराच माल तिथूनच जातो आणि माझी नोकरी त्याच मालाच्या कागदांची आहे. क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी डॉक्युमेंटेशन बघते. त्यामुळे परदेशी झाड समोर आलं की माझा पहिला प्रश्न असतो, हे देशात शिरलं कसं? या परीक्षणात फुलापेक्षा कागदांवर जास्त मजकूर दिसला तर त्याचं कारण हे आहे.

पण आधी झाड. ऑर्किड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मॉलमधलं फॅलेनॉप्सिस येतं, नाहीतर लग्नाच्या स्टेजवर टोचलेलं जांभळं डेंड्रोबियम. पीटर्सी त्यातल्या कशातच बसत नाही. पहिल्या नजरेला कोणीही याला कोरफड म्हणेल. पानं जाड, ताठ, करडी झाक असलेली हिरवी, टोकाकडे निमुळती. बोट पानाच्या टोकाकडून बुडाकडे नेलं तर कडेचे बारीक दाते लागतात. उलट दिशेनं नेलं तर जवळजवळ काहीच जाणवत नाही. बुडाशी गाजराच्या जाडीचे, वर निमुळते होत गेलेले फुगीर देठ असतात. ते जमिनीच्या वरच उभे राहतात आणि त्यांच्यावर जुन्या पानांची सुकलेली, कागदी आवरणं गोल गोल चिकटलेली असतात. पाण्याचा साठा त्यांच्यातच. काकांनी कुंडी तिरकी करून मुळं दाखवली. पांढरी, जाड, गुळगुळीत, आणि कुंडीच्या आतल्या आकारात गुंडाळलेली. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, तो पुढे उपयोगी पडणार आहे.

या जातीचा मुलूख मोठा आहे. अरबी द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून, येमेनकडून, खाली इथिओपिया, केनिया, टांझानिया, मोझांबिक, झिम्बाब्वे करत थेट दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळपर्यंत. पण सगळीकडे जागा तसलीच निवडते : उष्ण, रेताड किंवा खडकाळ, विरळ झाडीच्या अर्धवट सावलीत, जिथे वर्षातले कित्येक महिने पाऊस नसतो. १८४० च्या दशकात विल्हेल्म पीटर्स हे जर्मन निसर्गअभ्यासक मोझांबिकमध्ये हिंडून नमुने गोळा करत होते. त्यांचंच नाव जर्मन ऑर्किडतज्ज्ञ राइशेनबाख यांनी या झाडाला दिलं. युलोफिया या प्रजातीत दोनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक आफ्रिकेच्या असल्या तरी काही आपल्याकडच्याही आहेत. सह्याद्रीतल्या आदिवासींना माहीत असलेला अमरकंद हा त्यातलाच. येऊरच्या वाटेवर ठाणेकर पावसाळ्यात फिरतात, तिथल्याही जमिनीवर ऑर्किडं उगवतात, पण ती बहुतेकांच्या बुटाखाली जातात कारण ऑर्किड झाडावरच असतं अशी आपली ठाम समजूत आहे.

फूल मी काकांच्या मोठ्या झाडावर पाहिलं. मेच्या शेवटी गेले होते, उकाडा असह्य होता आणि शेडच्या कोपऱ्यात माझ्या डोक्याच्या वर गेलेला एक दांडा उभा होता. रानात तो दोन मीटरच्याही वर जातो, त्याला फांद्या फुटतात. फुलं एकदम उमलत नाहीत, खालून वर सावकाश उमलत जातात. बाहेरची तीन दलं हिरवट-तपकिरी आणि टोकाला मागे वळून गुंडाळलेली. आतल्या दोन पाकळ्या पांढऱ्या, त्यांच्यावर जांभळट शिरा. मधल्या ओठावर उभ्या जांभळ्या घड्या. रंगाच्या भपक्यासाठी कोणाला फूल हवं असेल तर त्यांनी डेंड्रोबियमच घ्यावं. मला मात्र ते सोडून निघवेना. एकेका फुलाला वेगळा वेळ द्यावा लागतो, आणि ते तो वेळ वसूल करून देतं.

“काका, हे आलं कुठून?” मी विचारलं.

“आलं नाही ताई, इथंच झालं. याचे आईबाप आले होते, तेही बाटलीतून.”

मग त्यांनी आतून एक फाइल आणली. न मागता! सतरा ठिकाणी परदेशी झाडं विकली जातात, पण फाइल दाखवणारा विक्रेता मला तरी दुसरा भेटलेला नाही. आईबाप रोपं दक्षिण आफ्रिकेतल्या एका लॅबमधून फ्लास्कमध्ये आली होती. इम्पोर्ट परमिट, तिकडच्या सरकारचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (झाड रोगकीडमुक्त असल्याचा दाखला), बिल ऑफ एंट्री (कस्टमला दिलेला आयातीचा कागद), क्वारंटाइनचा रिलीज (तपासणीनंतर माल सोडल्याचा कागद), सगळं क्रमानं लावलेलं. कागद जुने होते, शिक्के पुसट झाले होते, पण तारखा आणि नग एकमेकांशी जुळत होते. मी सवयीनं तेच तपासलं.

जे लोक अशी झाडं घेतात त्यांनी एवढं तरी समजून घ्यावं. ऑर्किडचं संपूर्ण कुळ सायटीस करारात, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात, आहे. हा करार १९७५ साली अमलात आला आणि भारत १९७६ पासून त्यात आहे. बहुतेक ऑर्किडं त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात (यादीत) येतात, मोजक्या जाती पहिल्या म्हणजे जास्त कडक परिशिष्टात. दुसऱ्या परिशिष्टातलं जिवंत झाड सीमा ओलांडणार असेल तर निर्यात करणाऱ्या देशाचं सायटीस परमिट लागतं. त्यातून निर्जंतुक बाटलीत, आगरवर (जेलीसारख्या पदार्थावर) वाढवलेल्या रोपट्यांना सूट आहे, कारण ती रानातून उपटलेली नाहीत हे उघडच असतं. म्हणून प्रामाणिक व्यापार बाटल्यांमधून चालतो. मात्र सायटीसची सूट म्हणजे क्वारंटाइनची सूट नव्हे. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे इम्पोर्ट परमिट आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतंच. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनं सायटीसच्या याद्या आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही आल्या आहेत. ‘आफ्रिकेतलं झाड, इथे कोण विचारतंय’ असं विक्रेता म्हणाला तर तिथून निघायचं.

बाटलीतलं काम काकांच्या सूनबाई करतात. मायक्रोबायोलॉजी शिकलेल्या आहेत, शेडच्या मागे एका खोलीत त्यांनी लॅमिनार फ्लो (गाळलेल्या, जंतुविरहित हवेत काम करायचं टेबल) बसवून घेतला आहे. त्यांनी मला पिकलेली एक शेंग फोडून दाखवली. आतलं बी म्हणजे फिकट भुकटी, फुंकर मारली तर उडेल. एका शेंगेत हजारो बिया असतात, पण एकीतही अंकुराला पुरेल असा अन्नसाठा नसतो. रानात त्या बीला योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं. बुरशीच सुरुवातीला त्याला पोसते. हे १८९९ साली नोएल बर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. पुढे १९२२ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं. आज मॉलमध्ये ऑर्किड परवडणाऱ्या भावात मिळतं त्याची सुरुवात तिथे झाली. सूनबाईंच्या कपाटात हिरव्या ठिपक्यांपासून बोटभर उंचीच्या पानांपर्यंत सगळ्या वयाच्या बाटल्या रांगेनं आहेत. “इतक्यातल्या निम्म्या बुरशी येऊन टाकाव्या लागतात,” त्या म्हणाल्या, “आणि पावसाळ्यात तर विचारूच नका.” बाटलीतून काढल्यावर रोप मऊ असतं. ते आधी झाकणाखाली, मग दाट सावलीत, मग विरळ सावलीत असं महिनोन् महिने हार्डनिंग करून, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय लावून, मगच विकायला काढतात.

म्हणून किंमत ६५० रुपये. तीन इंची कुंडीतलं, वीतभर पानांचं, एक फुगीर देठ तयार झालेलं रोप. फुलायला अजून काही वर्षं लागतील, हे त्यांनी पैसे घेण्याआधी सांगितलं. मला हा भाव अगदी रास्त वाटला. कोणाला महाग वाटत असेल तर त्यांनी एकदा ती खोली बघून यावी.

आता दुसऱ्या बाजूबद्दल, कारण त्याच्याशिवाय या नर्सरीची किंमत कळणार नाही. आमच्या सोसायटीतल्या एका ताईंनी ऑनलाइन ‘आफ्रिकन वाइल्ड ऑर्किड कंद, दुर्मीळ’ अशी जाहिरात बघून पाकीट मागवलं. कोणाकडून ते लिहीत नाही. पाकिटात चार कंद निघाले, चारही वेगळ्या आकाराचे. एकाला सुकलेली तांबडी माती चिकटलेली, दोघांची मुळं कापलेली, एकाच्या वरच्या टोकाला जळल्याचा काळा डाग. मी त्यांच्या वतीनं विक्रेत्याला मेसेज करून फायटोसॅनिटरीची प्रत मागितली. त्यानंतर विक्रेत्यानं आमचा नंबर ब्लॉक केला. कंद एकही उगवला नाही, पण माझा राग पैशांसाठी नव्हता. ती लक्षणं रानातून खणल्याची होती. आफ्रिकेच्या त्या विरळ रानांत कोरड्या ऋतूत वणवे लागतात आणि जमिनीखालचा कंद त्यातून वाचून पहिल्या पावसाला कोंब काढतो. वणव्यातून वाचलेलं ते झाड शेवटी कुरिअरच्या पाकिटात मेलं.

आणि खणणं तिकडे किती वाढलं आहे बघा. झांबियात चिकांडा नावाचा एक पदार्थ करतात. डिसा, सॅटिरियम, हॅबेनेरिया या जमिनीवरच्या ऑर्किडांचे कंद वाळवून कुटायचे, त्यात शेंगदाण्याचं कूट, तिखट, सोडा घालून शिजवायचं, की घट्ट वडी पडते. उत्तर झांबियातल्या बेंबा लोकांचं हे पूर्वापार अन्न आहे आणि गरजेपुरते कंद काढून ते पिढ्यान् पिढ्या खात आले, त्यात वावगं काहीच नाही. शहरांत मागणी वाढली, झांबियातले कंद कमी पडू लागले, आणि शेजारच्या टांझानियाच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातून पोत्यांनी कंद सीमेपलीकडे जायला लागले. या ऑर्किडांचा वर्षाचा नवा कंद एकच असतो. तो काढला की झाड संपलं. टांझानियानं २००५ साली तिथल्या किटुलो पठाराचं राष्ट्रीय उद्यान केलं, आणि तिथल्या ऑर्किडांना वाचवणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. तिथले लोक त्या पठाराला देवाची बाग म्हणतात.

हे दूरचं वाटत असेल तर आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातला सालमपंजा आठवा. तोही हिमालयातल्या जमिनीवरच्या ऑर्किडाचा कंद आहे, आणि तोही बहुतांशी खणूनच येतो.

तर ओळखायचं कसं? नर्सरीत वाढलेल्या रोपाची मुळं कुंडीच्या आकारात वळलेली असतात, सगळी रोपं साधारण एका मापाची असतात, पानांवर किड्यांनी खाल्ल्याच्या जुन्या खुणा नसतात. रानातून आणलेल्याची मुळं तुटलेली, पानं ओरखडलेली आणि मापं वेडीवाकडी. मुळं बघू द्या म्हटल्यावर कुंडी तिरकी करणारा विक्रेता विश्वासाचा.

घरचा अनुभव. माझी बाल्कनी पश्चिमेची, तिसऱ्या मजल्यावर, वर छज्जा. ठाणे-नवी मुंबईत एका पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या झाडाला त्याच्या मुलखात एवढा कधीच बघायला मिळत नाही, म्हणून मला धास्ती होती. काकांनी एका वाक्यात समजावलं : “पावसात ठेवू नका, पण पाणी पावसाच्याच दिवसांत द्या.” म्हणजे जूनपासून वाढीचा काळ, त्यात माती सुकली की पाणी, पण पानांच्या बेचक्यात पाऊस साठता कामा नये. दिवाळीनंतर पाणी तोडत जायचं आणि थंडीत जवळजवळ कोरडं ठेवायचं. ते असंही म्हणाले की आफ्रिकेच्या दक्षिणेत वाढलेलं मोठं झाड आणलं तर त्याचा ऋतू आपल्या उलटा असतो आणि ते बरेच दिवस गोंधळतं. इथे बाटलीतून निघालेल्या रोपाला मात्र आपलाच जून माहीत असतो.

तसंच झालं. जूनमध्ये बुडाच्या बाजूनं एक कोंब आला, टोकाला किंचित तांबूस. ऑगस्टपर्यंत त्याला तीन पानं फुटली, आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्या कोंबाचा देठ फुगून आधीच्यापेक्षा जाड झाला. हिवाळ्यात पाणी थांबवलं तरी एकही पान गळलं नाही, फक्त जुन्या देठावर बारीक सुरकुत्या आल्या, त्या मार्चमध्ये पाण्यानं भरून निघाल्या. पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) मात्र एकदा दिसला. नव्या पानाच्या बगलेत, जिथे आवरण देठाला चिकटलेलं असतं, तिथेच तो लपतो. सुकलेली आवरणं हळूच सोलून काढली आणि कापसाच्या बोळ्यानं पुसून घेतलं. नवी आवरणं ओढू नका, खालची साल सोलवटते आणि तिथून कूज शिरते.

अर्धा गुण कापला तो असा. रोप विकायला काढतात ते कोकोपीटच्या गड्ड्यात. आपल्या दमट हवेत कोकोपीट आठवडाभर ओलं राहतं आणि या झाडाला तेच मारक आहे. मी तिथल्या तिथे बोलून दाखवलं, तर काकांनी कुरकुर न करता विटांचे तुकडे, जाड रेती, कोळसा आणि चिमूटभर पानखत अशा मिश्रणात बदलून दिलं, पैसे न घेता. तुम्हीही घरी नेण्याआधी तिथेच बदलून घ्या. पण जे विचारणार नाहीत त्यांचं काय? मूळ कुंडीच अशा मिश्रणात भरून द्यायला हवी, कुंडीमागे वीस-तीस रुपये वाढले तरी चालतील. दुसरं, सोबतचं काळजीचं पत्रक फक्त इंग्रजीत आहे. माझ्या पुढे उभ्या असलेल्या आजींनी ते घडी करून पिशवीत टाकलं, वाचलं नाही. काका इतकं नेमकं मराठीत सांगतात, तेच चार ओळींत छापलं तर किती रोपं वाचतील. मी त्यांना मजकूर लिहून पाठवला आहे, छापतो म्हणाले आहेत. तिसरं, लेबलवर बी पेरल्याची किंवा बाटलीतून काढल्याची तारीख नाही. वय कळल्याशिवाय फुलाची वाट किती बघायची याचा अंदाज येत नाही, आणि वहीत नोंद असताना लेबलवर का नसावी?

कुरिअरनं मागवू नका. ते पाठवतात, पण ताठ पानं खोक्यात दुमडतात आणि दुमडलेलं पान पुन्हा सरळ होत नाही. स्वतः जा, पान मोकळं राहील अशी उभी पिशवी न्या. शनिवार-रविवारी संध्याकाळी तो रस्ता टाळा. सोमवारी नर्सरी बंद असते, दुपारी एक ते चार काका नसतात आणि ते नसताना मागची शेड उघडून मिळत नाही. नवी खेप हार्डनिंगमध्ये आहे, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात विकायला काढणार आहेत, आणि एका माणसाला दोनपेक्षा जास्त रोपं देत नाहीत.